दुपारी दबणारी गाडी : एका टर्बो इंजिनाच्या उष्णतेचा माग

पार्श्वभूमी

दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून हवा दाबून इंजिनात ढकलणारं यंत्र), चार सिलिंडर, डायरेक्ट इंजेक्शन. गाडी साडेचार वर्षं वापरलेली, साठ हजार किलोमीटरच्या आसपास धावलेली. टर्बोनं दाबलेली गरम हवा थंड करणारा इंटरकूलर अगदी पुढे, बंपरच्या खालच्या जाळीमागे. त्याच्यामागे एसीतली उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर, मग रेडिएटर आणि सगळ्यात मागे फॅन. हा क्रम लक्षात ठेवावा, कारण सगळं प्रकरण या एकामागे एक उभ्या असलेल्या वस्तूंमधून हवा कशी जाते याच्याभोवतीच फिरतं. गाडी आणि माणसं ओळखता येतील असे तपशील मी गाळले आहेत.

गाडीच्या मालकीण रोज एकाच रस्त्यानं ये-जा करतात. सकाळी सातला निघतात, दुपारी तीनच्या सुमारास परततात. परतताना बारा-पंधरा मिनिटं गर्दीत रखडायचं आणि गर्दी संपते न संपते तोच तीन किलोमीटरचा चढ सुरू, असा तो रस्ता.

तक्रार

"सकाळी गाडी उडते, दुपारी त्याच गाडीत दगड भरल्यासारखं वाटतं," हे त्यांचं पहिलं वाक्य. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी ओढत नाही, आधी चौथ्यात निघणारा चढ आता दुसऱ्यात काढावा लागतो, पेट्रोलही जास्त लागतं. इंजिनाचा दिवा लागलेला नाही आणि तापमानाचा काटा नेहमीसारखा मधोमध.

त्यांनी फोनमध्ये नोंदी ठेवल्या होत्या. तारीख, वेळ, बाहेरचं तापमान, किती वेळ थांबावं लागलं, चढावर कोणता गिअर. अशा नोंदी घेऊन येणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं, आणि माझ्या मते या प्रकरणाचा निम्मा उलगडा त्या नोंदींत होता. त्यातली एक ओळ मी तेव्हा नुसती वाचली आणि पुढे गेलो : "सिग्नलला थांबलं की एसी कोमट होतो, गाडी चालू लागली की पुन्हा गार."

माझ्याकडे येण्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर बदलून झाले होते. डायनोवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी चढवून ताकद मोजली होती आणि "ताकद पूर्ण आहे, गाडीत काही दोष नाही" असा शेराही मिळाला होता. त्यामुळे त्या आल्या त्या जवळजवळ ठरवूनच : एक तर मोठा इंटरकूलर बसवायचा, नाहीतर ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) रिमॅप करून, म्हणजे त्याचं प्रोग्रॅमिंग बदलून घ्यायचं.

उष्णतेचं गणित

इथे जरा थांबायला हवं, कारण हे गणित डोक्यात नसेल तर पुढचे निर्णय कळत नाहीत.

इंजिनाला हवेचं वजन लागतं. जितकी हवा सिलिंडरमध्ये मावेल तितकं पेट्रोल जाळता येतं. २१ अंशांची हवा एका घनमीटरला साधारण १.२ किलो भरते, ३७ अंशांची १.१४ किलो. म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनातही गरम दुपारी पाच टक्के हवा कमी. टर्बोत तापमानाचा फरक आणखी वाढतो, कारण हवा दाबली की ती तापते. या गाडीचा बूस्ट, म्हणजे टर्बोनं दिलेला जादा दाब, १.१ बार, म्हणजे आतला एकूण दाब बाहेरच्या सुमारे २.१ पट. टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर २१ अंशांची हवा आत घेतल्यावर कॉम्प्रेसरमधून ती १२० अंशांना बाहेर पडते. ३७ अंशांची घेतली तर १४२ अंशांना. आत जाताना १६ अंशांचा फरक होता, बाहेर पडताना तो २१-२२ अंशांचा झाला. मग इंटरकूलर ती हवा थंड करतो. पण त्याला थंड करणारी हवाही तीच, बाहेरची. आणि ती नीट त्याच्या धातूच्या पातळ पात्यांमधून गेली तरच.

घनता कमी होणं हा या गोष्टीचा सौम्य भाग. खरा फटका नॉकिंगच्या भीतीनं बसतो. सिलिंडरमध्ये ठिणगीनं पेटलेली ज्योत पसरत असताना कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबलं जातं आणि तापतं. ते मुळातच गरम असेल, तर ज्योत पोहोचायच्या आधी आपणहून पेट घेतं आणि धक्का बसतो; हेच नॉकिंग. नॉक सेन्सर तो धक्का ऐकतो आणि ईसीयू ठिणगी उशिरा टाकू लागतो. हवा फारच गरम दिसली तर सेन्सरनं काही ऐकण्याची वाट न पाहता तो आधीच टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतो आणि बूस्टही उतरवतो. ठिणगी उशिरा पडली की जळणं उशिरा होतं, पिस्टनवर जोर कमी पडतो आणि तीच उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते. पेट्रोल टर्बोच्या टर्बाइनपाशी पूर्ण जोरावर ९०० अंशांच्या वर वायू असतो. तो आणखी तापू नये म्हणून ईसीयू जादा पेट्रोल सोडतो. पेट्रोल वाढण्याची तक्रार यातूनच येते.

पहिली चाचणी आणि माझी चूक

मी त्यांना त्याच चढावर, तिसऱ्याच गिअरमध्ये, ४० ते ८० किलोमीटर वेग गाठायला लागणारा वेळ मोजू या असं सुचवलं. एकदा सकाळी, एकदा दुपारी, दोन्ही वेळा ईसीयूतले आकडे दाखवणारा स्कॅनर लावून. सकाळी २१ अंश होते, वेळ ५.४ सेकंद. दुपारी ३७ अंशांत, पंधरा मिनिटं गर्दीत थांबल्यावर, ७.१ सेकंद. तक्रार खरी होती आणि ती आता आकड्यांत दिसत होती.

स्कॅनरच्या नोंदींत दुपारी ४००० आरपीएमला टायमिंग सकाळच्या १४ अंशांवरून ६ अंशांवर आलेलं (हे अंश क्रँकच्या फिरण्याचे, तापमानाचे नाहीत), बूस्ट १.१ वरून ०.९ बारवर. मग मी 'इनटेक एअर टेंपरेचर' पाहिलं. दुपारी ४९ अंश. टर्बो गाडीत इंटरकूलरनंतर ४९ म्हणजे ठीकच, असं म्हणून मी उष्णतेचा मुद्दा बाजूला सारला आणि हवेची गळती शोधायला लागलो. होज, क्लिपा, सगळी जोडणी स्मोक टेस्ट करून तपासली. धूर कुठूनही आला नाही. बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या वेस्टगेट झडपेचा ॲक्च्युएटर पाहिला, तोही ठीक. त्यांनी माझ्या सांगण्यावरून एक टाकी ९५ ऑक्टेनचं, म्हणजे नॉकिंगला जास्त तोंड देणारं, पेट्रोल वापरून पाहिलं. दुपारची गाडी किंचित सुधारली, सकाळच्या गाडीत फरक नाही. नॉकिंगच्या बाजूनं हा स्पष्ट इशारा होता, तरी "मग हवा ४९ अंशच कशी?" इथे मी अडलो.

दोन दिवस असे गेल्यावर वायरिंगचा आराखडा काढून पाहिला. या गाडीत हवेचं तापमान मोजणारे दोन सेन्सर आहेत. एक एअर फिल्टरनंतर, टर्बोच्या आधी, आत येणारी हवा मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरमध्येच बसवलेला. दुसरा इंटरकूलरनंतर, सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डवर, दाबाच्या सेन्सरसोबत. माझा साधा स्कॅनर पहिला दाखवत होता. म्हणजे ते ४९ अंश टर्बोत शिरणाऱ्या हवेचे होते. बाहेर ३७ असताना टर्बो ४९ अंशांची हवा ओढत होता! मी जो आकडा "ठीक" म्हणून सोडला तोच ओरडून सांगत होता.

कंपनीच्या प्रणालीशी जुळणारा स्कॅनर लावून पुन्हा चढ काढला. सकाळी मॅनिफोल्डची हवा सुरुवातीला ३३, पूर्ण जोर लावून संपेपर्यंत ४६. दुपारी सुरुवातच ७४ पासून, शेवटी ७१. दुपारी सुरुवातीचा आकडा शेवटच्यापेक्षा जास्त आहे हे पाहावं. इंटरकूलर, पाइप आणि खुद्द सेन्सरचं धातूचं अंग गर्दीत उभं राहून तापलेलं होतं. ७४ मधला काही भाग सेन्सरच्या तापलेल्या अंगाचा असतो, हवेचा नाही. पण ईसीयूला ते कळत नाही. त्याच्यासाठी आकडा म्हणजे आकडा, आणि तो लगेच टायमिंग मागे घेतो. हवा वाहू लागल्यावरही ७१ च राहिली, हे मात्र अस्सल दुखणं होतं.

डायनोच्या शेऱ्याचाही उलगडा इथेच झाला. डायनोवर बॉनेट उघडं असतं, समोर मोठा पंखा असतो आणि आलेला आकडा ठरलेल्या हवामानाला दुरुस्त करून छापतात. एसएई जे१३४९ या मानकात ते २५ अंश आणि ९९ किलोपास्कल आहे. ही दुरुस्ती असतेच मुळी हवामानाचा परिणाम पुसण्यासाठी. तक्रारच हवामानाची असताना तो कागद काही सांगू शकत नव्हता.

पर्याय

मोठा इंटरकूलर. मालकिणींचा पहिला आग्रह याचाच होता. सलग जोर लावायच्या गाडीत त्याचा उपयोग मी पाहिला आहे. पण त्याचं धातूचं वजन जास्त, म्हणून तो तापायला वेळ लागतो आणि एकदा तापला की थंड व्हायलाही. पंधरा मिनिटं गर्दीत उभी राहणाऱ्या गाडीला हा गुण उलटा पडू शकतो. शिवाय सध्याच्या इंटरकूलरमधून हवा जातेय की नाही हे न पाहता त्याहून मोठा बसवणं मला पटेना.

रिमॅप. याला मी सरळ नकार दिला. ईसीयू टायमिंग मागे घेतो ते इंजिन वाचवायला. त्याचा हात धरून टायमिंग पुढे ढकललं तर दुपारी पिकअप मिळेल आणि काही महिन्यांत पिस्टनच्या रिंगा किंवा त्यांमधल्या कडा तुटून हातात येतील.

कायम ९५ ऑक्टेन. धोका काही नाही, थोडा फायदा आहे, पण दुखणं तसंच राहतं.

चौथा पर्याय, गाडीत मुळात जे होतं ते सगळं जागेवर आहे का हे पाहणं. यात नवीन काही बसवायचं नव्हतं, म्हणून तो मालकिणींना सुरुवातीला फारसा रुचला नाही. "म्हणजे तुम्ही काहीच करणार नाही का?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आधी बंपर काढून बघू, मग तुम्ही म्हणाल ते करू. त्यावर त्यांनी सहज सांगितलं, "काही महिन्यांपूर्वी पार्किंगमध्ये पुढून लागली होती, तेव्हाही बंपर काढलाच होता."

बंपरमागे काय सापडलं

इंजिन चालू, एसी चालू, बॉनेट उघडं. फॅन सुरू झाल्यावर टिशू पेपरची बोटभर रुंद पट्टी रेडिएटरच्या वरच्या कडेपाशी धरली. फॅन मागे ओढतोय म्हटल्यावर पट्टी मागे, इंजिनाकडे झुकायला हवी. ती पुढे फडफडत होती. इंजिनाजवळची तापलेली हवा रेडिएटरच्या वरून वळसा घालून पुढे येत होती आणि पुन्हा कंडेन्सरमधून आत जात होती. हात तिथे धरवत नव्हता.

रेडिएटरच्या वरच्या कडेला फोमची पट्टी असते, ती नव्हती; फक्त तिच्या डिंकाचा काळपट पट्टा राहिला होता. इंटरकूलरच्या दोन्ही बाजूंना हवा आत वळवणारे प्लास्टिकचे पडदे असतात, त्यांतला डावा गायब, स्क्रूची भोकं रिकामी. चालत्या गाडीत समोरून येणारी हवा इंटरकूलरच्या दाट पात्यांत शिरायच्या ऐवजी बाजूच्या मोकळ्या जागेतून निघून जात होती. हवा नेहमी सोप्या वाटेनं जाते. एअर फिल्टरच्या नळीचं पुढचं तोंड, जे जाळीच्या वर बसून बाहेरची हवा घेतं, ते खाचेतून निसटून रेडिएटरच्या मागे लोंबत होतं. टर्बोला मिळणाऱ्या ४९ अंशांचं कारण हे.

चौथी गोष्ट बंपरशी संबंधित नव्हती. एसी लावला की फॅन हळू वेगात सुरू व्हायला हवा होता, तो होतच नव्हता. हळू वेगाचा रेझिस्टर जळाला होता. कूलंट १०४ अंशांना पोचलं तेव्हा कुठे फॅन एकदम पूर्ण वेगात सुरू झाला, पाणी ९६ ला आलं की बंद. काटा मात्र सगळा वेळ मधोमधच होता. आजकालच्या अनेक गाड्यांत तो तसाच बनवलेला असतो, बऱ्याच मोठ्या पट्ट्यात हलतच नाही, चालकानं उगाच घाबरू नये म्हणून. सिग्नलला कोमट होणारा एसी याच फॅनची तक्रार करत होता, आणि ती ओळ फोनमधल्या नोंदीत पहिल्या दिवसापासून होती.

बंपरचं काम झालं तेव्हा थंडीचे दिवस होते. त्यामुळे महिनोन्महिने कुणाला काही जाणवलं नाही. ऊन वाढलं तसं दुखणं वर आलं.

काय केलं

नळीचं तोंड खाचेत बसवलं आणि फॅनचा रेझिस्टर बदलला. पडदा आणि फोमची पट्टी मागवावी लागणार होती, चार दिवसांनी मिळणार होती. ते येईपर्यंत तात्पुरता पुठ्ठा लावायचा मोह झाला, पण या चार दिवसांत अर्ध्या कामाचा परिणाम मोजता येईल म्हणून लावला नाही. मालकिणींना त्यासाठी एक जादा फेरी पडली. त्यांनी कुरकुर केली नाही. उलट आकडे बघायची त्यांनाच जास्त उत्सुकता होती.

३७ अंशांच्या दुपारी, तितकंच थांबून, तोच चढ : मॅनिफोल्डला सुरुवातीला ६५, शेवटी ६६, वेळ ६.५ सेकंद. टर्बोआधीची हवा ४९ वरून ३९ वर आली होती. पडदा आणि फोम बसवल्यावर टिशूची पट्टी इंजिनाकडे झुकली. मग चढावर सुरुवातीला ५६, शेवटी ६०, बूस्ट १.०५ बार, टायमिंग ११ अंश, वेळ ६.० सेकंद.

निकाल

७.१ वरून ६.० सेकंद. चढ आता तिसऱ्यात निघू लागला, सिग्नलला एसी गार राहू लागला, आणि महिनाभराच्या नोंदींत पेट्रोलचा खप आधीच्या पातळीवर आला.

पण सकाळचे ५.४ दुपारी मिळाले नाहीत, आणि हे सांगणं मला दुरुस्तीइतकंच महत्त्वाचं वाटलं. ३७ अंशांची हवा टर्बोतून आणि निरोगी इंटरकूलरमधून आली तरी साठच्या आसपासच राहणार. उरलेला ०.६ सेकंद हा दोष नाही, तो उन्हाचा हिशेब आहे. मालकिणींनी पुन्हा मोठ्या इंटरकूलरचं विचारलं, तेव्हा त्यांनाच एक प्रयोग करायला सांगितला. गर्दी संपल्यावर लगेच ॲक्सिलरेटर तळाला न लावता चाळीसच्या वेगानं सावकाश गाडी जाऊ द्यायची आणि स्कॅनरकडे सोबतच्या माणसाला बघायला सांगायचं. चाळीस सेकंदांत मॅनिफोल्ड ५६ वरून ४८ वर आलं. त्यानंतर घेतलेला चढ त्यांना जवळजवळ सकाळसारखा वाटला. इंटरकूलरचा विषय त्यांनी स्वतःच मिटवला.

चढ संपताच गाडी लगेच बंद करायची त्यांची सवय होती, तीही बोलण्यात आली. वर पोचल्यावर मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवलं तर टर्बोच्या बेअरिंगपाशी तेल फिरत राहतं, तापलेल्या घरात अडकून जळत नाही. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद झाल्यावर टर्बोतून पाणी फिरवायला छोटा विजेचा पंप असतो, या गाडीतही आहे, तरी पूर्ण जोराच्या चढानंतर मी हा मिनिट राखावा असंच सुचवतो.

आता वेगळं काय करेन

कोणता सेन्सर कुठे बसलाय हे आकडा वाचण्याआधी पाहेन. टर्बोआधीचा आकडा बाहेरच्या तापमानाशी ताडायचा, मॅनिफोल्डचा आकडा जोर लावण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी, असा दोनदा वाचायचा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. स्कॅनरवर नाव ओळखीचं दिसलं म्हणून तपासलं नाही, आणि दोन दिवस गेले.

रेझिस्टर आणि नळी एकाच दिवशी केल्यामुळे कोणी किती अंश दिले हे आता सांगता येत नाही. नळीचा वाटा टर्बोआधीच्या दहा अंशांत दिसतो, पण गर्दीत तापणाऱ्या इंटरकूलरवर फॅनचा परिणाम किती होता हे वेगळं कळलं असतं, तर पुढच्या अशा गाडीत पहिला हात कशाला घालायचा ते ठरवता आलं असतं. एक दिवस थांबायला हवं होतं.

आणि ती एसीची ओळ. गाडी दुपारी दबते असं कुणी सांगितलं की आता मी पहिला प्रश्न विचारतो : उभ्या गाडीत एसी कोमट होतो का? दुसरा : गेल्या वर्षभरात पुढचा बंपर उतरला होता का? दोन्ही उत्तरं 'हो' आली, तर स्कॅनर लावण्याआधी टिशूची पट्टी घेऊन बॉनेट उघडतो.